बंद सिम, पुढची तारीख आणि मुलांची शाळा : गुन्हा दाखल झालेल्या आईला सावरताना

मी वकील नाही. नाशिकच्या सिडकोत राहते, शाळेतून निवृत्त झाले, आणि ज्या बायकांबरोबर यायला दुसरं कुणी उरलेलं नसतं त्यांच्याबरोबर कोर्टात, तहसीलमध्ये, कधी नाशिकरोडच्या जेलच्या दारापर्यंत जाते. या कामात आता नवी मंडळी येऊ लागलीत. कुणाची धाकटी बहीण अडकलेली असते, कुणाच्या घरी धुण्याभांड्याला येणारी ताई. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

सोबत एक उदाहरण ठेवते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे हलवलेत. सातपूरची एक ताई. नवरा सोडून गेलेला, मुलगी सातवीत, मुलगा बालवाडीत. ओळखीतल्या एकानं सांगितलं, "तुझं बँकेचं खातं आठ दिवस वापरायला दे, तीन हजार देतो." तिनं एटीएम कार्ड दिलं, फोनमधलं सिमही काढून दिलं. त्या खात्यातून लोकांचे फसवणुकीचे पैसे फिरले आणि दीड महिन्यानं पोलीस दारात. तीन हजारांतले दोन हजार मुलीच्या क्लासच्या फीमध्ये गेले होते.

आधी : "तू केलंस का?" हे विचारायचं नाही

नव्या माणसाची पहिली चूक हीच. माणुसकीचा मुद्दा बाजूला ठेवा, यात कायद्याची मेख आहे. पक्षकार वकिलाला जे सांगतो त्याला गोपनीयतेचं संरक्षण असतं. तुम्हा-आम्हाला सांगितलेल्याला नसतं. उद्या तुम्हालाच साक्षीला बोलावलं तर काय कराल? म्हणून तिला पहिल्याच दिवशी सांगायचं, "जे घडलं ते वकिलांना सांग, सगळं सांग. मला फक्त पुढची तारीख सांग."

दुसरं म्हणजे, आरोपी आणि गुन्हेगार हे दोन वेगळे शब्द आहेत. पेपरात नाव आलं की गल्लीत ते एक होतात. तुमच्या तोंडी तरी होऊ देऊ नका.

वकील : फुकट, पण उपकार म्हणून नव्हे

दागिने मोडून वकील करण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला उतरून चालत जाता येतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याच्या कलम १२ नुसार बाईला मोफत वकील मिळतो. तिथं उत्पन्नाची अट नाही. कोठडीत असलेल्या कुणालाही मिळतो, तोही उत्पन्न न बघता. फौजदारी केससाठी आता लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील आरोपीच्या बाजूचं हेच काम पूर्णवेळ करतात. घरातून चौकशी करायची तर १५१०० हा नंबर.

"फुकटचा वकील काय कामाचा" असं कोर्टाच्या कट्ट्यावर हमखास कुणीतरी म्हणेल. मी दोन्ही प्रकारचे पाहिलेत, फीवाले निष्काळजी आणि मोफतचे जीव तोडून काम करणारे, उलटही. या वकिलाला फी द्यायची नसते, झेरॉक्सचीसुद्धा नाही. मागितली तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या. सचिव हे न्यायाधीशच असतात.

पहिल्या भेटीला जाताना एफआयआरची प्रत, सी.आर. नंबर (गुन्हा नोंदणी क्रमांक), पोलीस ठाण्याचं नाव, आधार आणि मुलांचे जन्मदाखले न्या. दाखले कशाला? जामिनाच्या अर्जात लहान मुलं असल्याचा मुद्दा येतो, आणि कोर्टाला नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

जामीन आणि जामीनदार

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुने लोक अजून ४३७, ४३९ असे जामिनाच्या जुन्या कलमांचेच आकडे बोलतात, गोंधळू नका. तुमच्या कामाच्या चार गोष्टी लक्षात ठेवा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. कलम ४८० मध्ये गंभीर गुन्ह्यातही आरोपी बाई आहे म्हणून जामीन देण्याची मुभा कोर्टाला आहे. हक्क नव्हे, मुभा, म्हणून अर्ज नीट लिहिलेला हवा. दोषारोपपत्र गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामीन मागता येतो. आणि कलम ४७९ : पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर जामिनावर सुटका व्हायला हवी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि तिच्यावर आणखी केसेस असतील तरी नाही.

कागदावर जामीन मिळतो, आणि बाई आतच राहते. कारण जामीनदार नाही. आमच्या ताईला पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला आणि त्यानंतर ती एकोणीस दिवस आत होती. भावानं फोन उचलला नाही. शेजारच्या काकांकडे घरपट्टीची पावती होती, पण ती त्यांच्या मयत वडिलांच्या नावे. ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलला तीन फेऱ्या झाल्या. तेवढ्यात कोर्टाच्या फाटकाशी एक सद्गृहस्थ भेटले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "मावशी, जामीनदार पाहिजे का? पाच हजारांत काम." या माणसांच्या नादी लागू नका. तोच सातबारा दहा ठिकाणी दाखवलेला असतो, आणि पकडला गेला की पुन्हा तिच्याच जामिनावर येतं.

त्याऐवजी हे करा. रक्कम किंवा अट कमी करण्याचा अर्ज वकिलाला द्यायला सांगा. तूर्त रोख जामिनावर सोडून जामीनदार आणायला काही आठवडे द्यावेत, असाही अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला याबाबत ठरवून दिलंय : जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात कदबा (जामिनाचा बॉन्ड) भरला गेला नाही तर अटी सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. प्रत्यक्षात कुणीतरी आठवण करून द्यावी लागते, तो कुणीतरी तुम्ही. गरीब बंदींचा जामीन भरण्यासाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे, तिचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून पुढं जातो.

"जामीनदार याच जिल्ह्यातला हवा" असं कुणी ठासून सांगितलं तर वकिलाला मोतीराम निकालाची आठवण द्या. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं.

तुम्ही स्वतः जामीनदार राहणार असाल तर घरी विचारून राहा. ती तारखेला आली नाही तर बॉन्डची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. मी आजवर दोघींसाठी राहिले. दोन्ही वेळा रात्री झोप लागली नाही, हे खरं सांगते.

रोख जामीन भरला तर पावती सोन्यासारखी जपा. केस संपल्यावर ते पैसे परत मिळतात, अर्ज करावा लागतो, आणि पावती नसली की तो अर्ज रेंगाळतो.

सुटकेचा दिवस

कोर्टातून आदेश जेलला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, कधी दुसऱ्या दिवसावर जातं. जेल रोडला दुपारपासून बसायची तयारी ठेवा. बरोबर पाण्याची बाटली, खायला काहीतरी, चपला, एक ओढणी आणि रिक्षाचे सुट्टे पैसे. चपला हमखास विसरल्या जातात.

आमची ताई बाहेर आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. रिक्षावाल्यानं "कुठं?" विचारलं तर तिनं सातपूरच्या त्या खोलीचा पत्ता सांगितला, जी घरमालकानं कधीच रिकामी करून घेतली होती. सामान गोणीत भरून शेजारणीकडे होतं. हे तिला माहीत नव्हतं, मला होतं. बिटको चौक येईपर्यंत मी गप्प बसले. ते आधीच सांगायला हवं होतं. जेलमधल्या मुलाखतीच्या वेळीच बाहेरची खरी स्थिती हळूहळू सांगत राहा, म्हणजे सगळा डोंगर रिक्षात कोसळत नाही.

पहिली रात्र कुठं, हे आधी ठरवा. माहेर, मैत्रीण, काहीच नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता, साधारण पाच दिवसांचा निवारा, समुपदेशन आणि वैद्यकीय मदत मिळते. जास्त दिवसांसाठी शक्ती सदन योजनेतली निवासस्थानं असतात, त्यांची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. त्या रात्री मात्र काही विचारू नका. गरम वरणभात वाढा आणि दिवा कधी मालवायचा ते तिच्यावर सोडा. आत बराकीत रात्रभर दिवा जळतो, कुणाला अंधारात झोप येत नाही, कुणाला उजेडात.

सिम, आधार, खातं : याच क्रमानं

इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण नवी माणसं इथंच आठवडे घालवतात. तिला कामाला लावायची घाई होते, आणि पगार जमा व्हायला खातंच नसतं.

फोन बहुधा मुद्देमालात जमा असतो. तो परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज देता येतो, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करीन असं लिहून दिल्यावर, मिळतोही. पण तपासणीसाठी लॅबला गेला असेल तर महिने लागतात, त्याची वाट बघत बसू नका. जुनं सिम गुन्ह्यात वापरलं गेलं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय डुप्लिकेट काढू नका. तिच्याच नावावर नवीन सिम घ्या. तुमच्या नावावरचं देऊ नका, कितीही दया आली तरी. त्याच वेळी संचार साथी पोर्टलवर तिच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते बघा. आमच्या ताईच्या नावावर चार निघाले, तिला माहीत असलेला एक.

मग आधार केंद्र. मोबाईल नंबर बदलायला जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही, बोटांचे ठसे चालतात. भांडी घासून ठसे झिजलेले असतील तर डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा.

मग खातं. जुनं खातं पोलिसांच्या पत्रानं गोठवलेलं असतं. ते मोकळं करायचा अर्ज कोर्टात होतो, तो वकिलाचा विषय. तोवर पोस्टात किंवा जनधनचं नवीन खातं उघडा. पुढचं एक काम बहुतेक जण विसरतात : या नव्या खात्याला आधार सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, करून घ्या. सरकारी योजनेचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. सीडिंग जुन्याच खात्याला राहिलं तर पैसे तिथंच, गोठलेल्या डबक्यात पडत राहतात, आणि बाई समजते, आपलं नाव कापलं.

हे झालं की रेशनकार्ड. सासरच्या कार्डावर नाव असेल तर ते कमी करून विभक्त कार्डासाठी अर्ज. परित्यक्ता, विधवा, घटस्फोटित असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजना, महिना १,५०० रुपये, अर्ज तहसीलच्या त्या शाखेत. नुसती केस चालू आहे एवढ्यावरून कुणी "तुम्हाला मिळणार नाही" म्हटलं तर तसा नियम लेखी दाखवा म्हणा. एका खिडकीवर मला हेच ऐकवलं होतं, मी लेखी मागितल्यावर फॉर्म मुकाट आत गेला.

तारीख

एवढं सगळं जमलं आणि तारीख चुकली, की सगळं मातीत. एकच गोष्ट करण्याइतका वेळ तुमच्याकडे असेल तर ही करा.

ताईची एक तारीख अठरा होती. कोर्टात गडबडीत तिनं अठ्ठावीस ऐकलं. अठराला पुकारा झाला, ती द्राक्षबागेत होती. अजामीनपात्र वॉरंट निघालं. आम्हाला कळल्यावर दुसऱ्याच दिवशी वकिलांबरोबर जाऊन हजर झालो, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, कोर्टानं ऐकून घेतलं. पण तो एक दिवस तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून तारीख कानावर सोडायची नाही. ई-कोर्ट्सचं अॅप फोनमध्ये घ्या, सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकून केस सेव्ह करा. संध्याकाळी पुढची तारीख तिथं ताडून बघा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं गोल, आणि आदल्या रात्री तुमचा फोन. अॅप चुकलं तर वकिलाचं म्हणणं खरं, वकील सापडत नसेल तर कोर्टाच्या बोर्डावर जाऊन बघा.

कोर्ट अकराला बसतं, साडेदहाला आत असा. चहाला बाहेर गेलं आणि पुकारा झाला असं होतं, म्हणून दोघींनी एकदम उठायचं नाही. मूल तापानं फणफणलंय, येणं शक्यच नाही, तर सकाळीच वकिलांना कळवून हजेरी माफीचा अर्ज द्यायला लावा. डॉक्टरांचा कागद नंतर का होईना जोडा. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर एक वही करा, तारीख, वेळ, आणि जमल्यास तिथल्या कर्मचाऱ्याची सही.

फिर्यादीला फोन करायचा नाही, साक्षीदाराच्या घरी "समजवायला" जायचं नाही, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टोमणा टाकायचा नाही. यातल्या कशानंही जामीन रद्द होऊ शकतो. "साहेबांना काहीतरी द्यावं लागेल" म्हणणाऱ्या मध्यस्थाला चहासुद्धा पाजू नका.

मुलं

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर जेलमध्ये राहू शकतं. ताईचा मुलगा चारचा होता, नेता आला असता. तिनं नेला नाही, दिंडोरीकडे आपल्या आईजवळ ठेवला. हा निर्णय आईचाच. तुम्ही मत देऊ नका, मी दिलं होतं आणि मला ते अजून लागतं. मोठ्या मुलांना आईला भेटवायचं असेल तर राज्यातल्या कारागृहांत गळाभेटीचा कार्यक्रम होतो, जाळीशिवाय आईला मिठी मारता येते. तो कधी आहे ते जेलमध्ये विचारत राहा.

ती सुटल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दिंडोरीकडे गेलो. पोरगं आजीच्या पदराआड. "आई आली बघ," आजी म्हणाली, तर त्यानं आजीकडेच बोट दाखवलं. ताई उंबऱ्यात बसली, सुपातली मटकी निवडायला घेतली, आणि त्याला एकदाही हाक मारली नाही. परतीच्या बसमध्येही बोलली नाही. असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी तो सुपातले खडे वेचायला शेजारी येऊन बसला. म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी मूल तिच्या मांडीवर ढकलू नका.

शाळेच्या बाबतीत शिक्षिका म्हणून बोलते. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या, फक्त तिलाच. "घरी अडचण आहे, मुलीला न्यायला मी किंवा आजी येईल" एवढं पुरे. सगळ्या स्टाफरूमला कथा सांगण्याची गरज नाही. शाळा बदलायची असेल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. मुलांना काय सांगायचं? "आई गावाला गेली" हे सातवीतल्या मुलीला चालत नाही, तिला शेजारच्या पोरींनी आधीच सांगितलेलं असतं. "आईवर केस आहे, कोर्ट ठरवेल, आई तुला सोडून गेलेली नव्हती," एवढं खरं आणि एवढंच.

एकल पालकांच्या मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागे महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, आदेश बालकल्याण समितीचा. फोटो काढताना आई-मुलं एकत्र लागतात, पालक-मुलांचे जोडखाते लागू शकते, कागदांची यादी तिथूनच घ्या. शेजाऱ्यांकडच्या यादीवर जाऊ नका.

सासरचे मुलं देत नसतील तर भांडायला जाऊ नका, कौटुंबिक न्यायालयात जा. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो, आणि कोर्ट मुलाचं हित बघतं. केस आहे एवढ्यानं आई आपोआप बाद होत नाही. तिला मारहाण झालेली असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तात्पुरता ताबा आणि राहत्या घराचा हक्क दोन्ही एकाच अर्जात मागता येतात.

काम

नाशिकला एक बरं आहे, चारित्र्याचा दाखला न मागणारं काम इथं मिळतं. ऑक्टोबर छाटणीपासून मार्च-एप्रिलपर्यंत निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत हात कमीच पडतात. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), मग खुडणी आणि पॅकहाऊस. टोळीच्या मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगा, महिन्यात एक-दोन दिवस सुट्टी लागेल. कारण सांगायची गरज नाही. पहाटे पिकअप निघून गेल्यावर सांगितलं तर मात्र तो पुन्हा बोलवत नाही.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, सोसायट्यांत, आणि येत्या २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांत पोलीस पडताळणी निघते. तिथं फॉर्ममध्ये "गुन्हा प्रलंबित आहे का?" असा रकाना असेल तर खोटं लिहू देऊ नका. प्रलंबित केसमुळे नोकरी कदाचित मिळणार नाही, पण लपवल्याचं कारण दाखवून पुढं कधीही काढता येतं. न विचारलेलं मात्र आपण होऊन सांगत फिरायचं नाही.

घरातून पोळीभाजीचे डबे, उन्हाळ्यात कुरडया-पापड, फॉल-पिको, हे तिला जमत असेल तर उत्तम. खाण्याच्या छोट्या धंद्याला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, साधी नोंदणी असते, फीही थोडीच. गाडा लावायचा असेल तर महापालिकेच्या फेरीवाला नोंदणीची चौकशी करा, त्यावर पीएम स्वनिधीचं पहिलं कर्ज १५ हजारांचं मिळतं. पण पहिल्या सहा महिन्यांत नवं कर्ज नको, हे माझं मत. केस उभी असताना हप्ता थकला की बाई पुन्हा कुणाच्या तरी "आठ दिवस वापरायला दे" ला बळी पडते. सावकार दारात येऊन बसत असेल आणि त्याच्याकडे परवाना नसेल तर तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते.

झोप नाही, जेवण जात नाही, "मी नसलेलीच बरी" असं बोलते, तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीतून बोलतात, पैसे लागत नाहीत. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, पहिल्यांदा तुम्ही बरोबर जा.

निकालाकडे

केस कशी संपेल हे वकील सांगतील, तुम्हाला शब्द माहीत हवेत. तडजोडीनं मिटणारे काही गुन्हे असतात. गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागण्याची सोय आहे, पण त्यात दोष मान्य होतो, म्हणून सही करण्याआधी तिला ते तीनदा समजलं पाहिजे. एफआयआरच रद्द करायची तर नाशिककरांना मुंबईच्या उच्च न्यायालयात जावं लागतं. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि ऐवज परत केला तर भारतीय न्याय संहितेत शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा आहे.

दोषी ठरली तरी १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या बॉन्डवर सोडता येतं. त्याचा एक मोठा फायदा कलम १२ मध्ये आहे : तसं सोडलेल्या व्यक्तीला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. कोर्ट परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवू शकतं. ते घरी येतील तेव्हा मुलीची प्रगतिपुस्तकं, पगाराची नोंद, हजेरीची वही समोर ठेवा. आतापर्यंत जमवलेली कागदांची पिशवी इथं कामाला येते.

निर्दोष सुटली तरी त्या दिवशी सहा महिन्यांचा एक बॉन्ड लिहून घेतात, वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहण्याचा. पेढे घेऊन आलेले नातेवाईक तो बॉन्ड बघून घाबरतात, आधीच सांगून ठेवा.

मग नकलेचा अर्ज. निकालाची प्रमाणित प्रत दोन तरी काढा. एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि नोंद अद्ययावत करायला सांगा, नाहीतर चारित्र्य पडताळणीत जुनी केस प्रलंबित म्हणून वर येते. दुसरी घरात. रोख जामीन भरला असेल तर त्याच आठवड्यात परताव्याचा अर्ज, जामीनदाराचे मूळ कागद परत, फोन मुद्देमालात असेल तर तोही. आणि घरातल्या त्या प्रतीला प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. ताईनं हौसेनं केलं होतं. शिक्का आणि सही हाताला लागेना, म्हणून एका कार्यालयानं ती घेतलीच नाही, आणि आम्ही पुन्हा नकलेच्या खिडकीशी.